निवासी शाळेतील मुलांचे आरोग्य व छळापासून संरक्षण

घरी असलेले मूल आजारी पडले तर त्याने तसे सांगण्याची वाट कोणी पाहत नाही. ताटात भाकर उरली, नेहमीची धावपळ थांबली, कपाळाला हात लावताच ते गरम लागले, एवढ्यावरून आई ओळखते. निवासी शाळेतील मुलाचे तसे नसते. तेथे त्याला स्वतःच्या तोंडाने सांगावे लागते, आणि ज्याला सांगावयाचे तो मनुष्य आरंभी त्याच्या ओळखीचाही नसतो. एका अधीक्षकाच्या हाताखाली शंभर-दीडशे मुले असली म्हणजे ताटात कोणाची भाकर उरली हे पाहणे त्याला शक्य होत नाही. निवासी शाळांतील आरोग्य व संरक्षण यांविषयी जे नियम झाले आहेत, ते आईची ही नजर काही अंशी भरून काढण्यासाठी आहेत. ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे त्यांतील कोणता नियम प्राणभूत आणि कोणता केवळ कागदी, हे ठरविणे सोपे जाते.

महाराष्ट्राला वसतिगृहे नवी नाहीत. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या जातींच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभी करण्यास प्रारंभ केला. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ मध्ये साताऱ्यास वसतिगृह काढले, तेव्हा सर्व जातींची मुले एका छपराखाली राहू लागली, आणि त्या मुलांच्या जेवणाखाणासाठी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने वेचले. तेथे आईची नजर प्रत्यक्षच हजर होती. पुढे कार्य वाढले. आज राज्यात आदिवासी विकास विभागाच्या शासकीय आश्रमशाळाच सुमारे पाचशे आहेत. त्यांशिवाय अनुदानित आश्रमशाळा, कस्तुरबा गांधी बालिका विद्यालये, आणि ऊसतोडीसाठी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांच्या मुलांकरिता चालविलेली हंगामी वसतिगृहे आहेत. इतक्या ठिकाणी प्रत्येकी एक लक्ष्मीबाई मिळेल अशी व्यवस्था कोणत्याही शासनाला करता येणार नाही. म्हणून नियम लागतात. परंतु नियमालाही कान असावे लागतात, आणि ते कान अधीक्षकाचे, शिक्षकाचे व स्वयंपाकघरातील बाईचेच असतात.

निवासी शाळेत सर्वांत अधिक वेळा ऐकू येणारी तक्रार म्हणजे "पोट दुखते" ही होय. ती इतक्या वेळा येते की ऐकणाऱ्याचे कान किटतात. शाळा चुकविण्याची युक्ती, घरची आठवण, किंवा फार खाल्ले असेल, अशी तीन उत्तरे ठरून गेलेली असतात. ह्या एकाच तक्रारीचे अर्थ किती निरनिराळे असू शकतात ते येथे थोडे विस्ताराने पाहिले पाहिजे.

समजा, पावसाळ्याचे दिवस आहेत. मुले फरशीवर सतरंज्या टाकून झोपली आहेत. पहाटे चारच्या सुमारास एक मुलगा उठून पोट दुखते म्हणतो. अंगावर सूज नाही, जखम दिसत नाही, ताप नाही. त्याला थोडा ओवा देऊन निजविले जाते. आणखी काही वेळाने तो गिळता येत नाही असे सांगतो, त्याच्या पापण्या मिटू लागतात; त्याला झोप येत आहे असा समज होतो. हा मण्यार सापाचा दंश असू शकतो. मण्यार रात्री हिंडते, जमिनीवर निजलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरते, आणि तिचा दंश बहुधा दुखत नाही, सुजत नाही. कित्येकदा त्याची खूणही सापडत नाही. तिच्या विषाने स्नायू लुळे पडत जातात आणि शेवटी श्वास थांबतो. पोटदुखी हे त्याचे आरंभीचे एक लक्षण आहे. म्हणून पावसाळ्यात जमिनीवर निजलेल्या मुलाने रात्री वा पहाटे अकस्मात पोट किंवा घसा दुखतो असे म्हटले, तर प्रथम त्याच्या पापण्या पाहाव्यात. त्याला वर पाहावयास सांगावे. पापण्या उचलत नसतील, दोन दिसू लागले असतील, आवाज बदलला असेल, तर सकाळ होण्याची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. मुलाला चालवू नये. जखम सापडली तरी ती कापू नये, चोखू नये, आवळून दोरी बांधू नये. हात वा पाय फळीला सैल बांधून स्थिर ठेवावा आणि धीर द्यावा. प्रतिविष लस केवळ रुग्णालयात मिळते, भगताकडे नव्हे. आणि हे टाळण्याचा उपाय फार खर्चाचा नाही. जमिनीपासून उंच खाट, गादीखाली नीट खोचलेली मच्छरदाणी, आणि रात्री बाहेर जाताना हातात विजेरी, एवढे मिळाले तर मण्यारीची भीती पुष्कळ कमी होते. खाटा आलेल्या असूनही गुदामात रचून ठेवलेल्या असतील, तर त्या बाहेर काढण्यास कोणत्याही मंजुरीची वाट पाहू नये.

हातपाय दुखण्याची तक्रारही अशीच फसवी असते. नंदुरबार, गडचिरोली, चंद्रपूर यांसारख्या जिल्ह्यांतील आदिवासी समाजात सिकलसेल हा जन्मजात रक्तविकार आढळतो. त्यात रक्तातील तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि मुलाला हाडांत व सांध्यांत असह्य वेदना होतात. थंडी, ताप, अतिश्रम आणि पाणी कमी पिणे यांमुळे त्या वेदना उसळतात. ज्या मुलाने काल खेळात भाग घेतला तो आज पाय दुखतात म्हणून कवायतीला येत नाही, तेव्हा त्याला आळशी ठरवून मैदानाभोवती धावावयास लावणे हे केवळ अन्यायाचे नव्हे, धोक्याचे आहे. सिकलसेलच्या उच्चाटनासाठी केंद्र शासनाने २०२३ मध्ये राष्ट्रीय मोहीम सुरू केली असून तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांत होते. प्रवेशाच्या वेळीच तपासणी करून घ्यावी. ज्यांना विकार आहे त्यांची नावे अधीक्षकाला व वर्गशिक्षकाला ठाऊक असावीत, पण ती भिंतीवर लावू नयेत. त्यांना वर्गातही पाण्याची बाटली जवळ ठेवू द्यावी, थंडीत गार पाण्याने आंघोळ घालू नये, आणि ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

खरजेविषयी एकच सांगणे पुरे आहे. एका मुलाला मलम लावून खरूज जात नाही. त्या खोलीतील सर्व मुलांना, खाजत असो वा नसो, एकाच रात्री मलम लावावे, आणि दुसऱ्या सकाळी सर्वांचे कपडे व पांघरुणे गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवावीत. नाहीतर ती एका अंथरुणावरून दुसऱ्यावर फिरत वर्षभर मुक्काम करते. पाण्याच्या टाकीत टी.सी.एल. पावडर टाकली अशी नोंद असून भागत नाही; नळाच्या शेवटच्या तोंडाशी ओ.टी. चाचणी करून पिवळा रंग येतो की नाही ते पाहावे. जुलाब सुरू होताच जलसंजीवनी द्यावी. पुडीवर लिहिलेल्या प्रमाणातच पाणी घ्यावे. अर्ध्या लिटरची बाटली हाताशी आहे म्हणून लिटरची पुडी तीत ओतू नये. स्वयंपाकघर, उघड्या विजेच्या तारा, कठडा नसलेली विहीर यांविषयीच्या सूचना प्रत्येक शाळेत आहेतच.

आता पोटदुखीकडे पुन्हा यावयाचे आहे, कारण तिचा आणखी एक अर्थ उरला आहे.

एखादी मुलगी दर शनिवारी पोट दुखते म्हणते. डॉक्टर तपासतात, काही सापडत नाही. पूर्वी कोरडे राहणारे अंथरूण आता ओले होऊ लागते. ती आंघोळीला सर्वांच्या शेवटी जाते, किंवा विशिष्ट मनुष्य पाळीवर असला की खोलीबाहेर येत नाही. एखादा लहान मुलगा जेवणाच्या रांगेत मोठ्या मुलांच्या मागे मुद्दाम राहतो आणि त्याची वाटी रोज रिकामी असते. एखादा दोनदा पळून गेलेला असतो आणि दोन्ही वेळा त्याला मारून परत आणलेले असते. ह्यांतील कोणतेही एक लक्षण पुरावा नव्हे. घरची आठवण आणि साधे जंत यांनीही असे होऊ शकते. पण भीती ज्या मुलाला शब्दांत सांगता येत नाही, त्याचे शरीर ती अशा रीतीने सांगते, आणि आजार म्हणून आलेली तक्रार आजार म्हणूनच निकालात निघाली तर आतले दुःख आतच राहते.

छळ हा शब्द शाळांतून पुष्कळदा फार संकुचित अर्थाने घेतला जातो. मोठ्या मुलांनी लहानांकडून कपडे धुवून घेणे, जातीवरून वा बोलीवरून चिडविणे, अंथरूण ओले केले म्हणून ते डोक्यावर देऊन उभे करणे, उपाशी ठेवणे, कर्मचाऱ्यांनी मुलांकडून पाय चेपून घेणे, हे सर्व छळातच मोडते. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंना मनाई केली असून, ती मोडणाऱ्यावर सेवानियमांप्रमाणे कारवाई होते. लैंगिक अत्याचाराविषयीचा कायदा याहून कडक आहे. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२, ज्याला सामान्यतः पोक्सो म्हणतात, तो १८ वर्षांखालील मुलगे आणि मुली या दोघांनाही सारखाच लागू आहे. मुलग्यांच्या वसतिगृहात असा प्रश्न उद्भवत नाही ही समजूत चुकीची आहे, आणि तिच्यामुळे मुलग्यांच्या तक्रारी थट्टेवारी नेल्या जातात. अत्याचार करणारा त्याच शैक्षणिक संस्थेचा कर्मचारी असेल तर कायदा तो गुन्हा अधिक गंभीर मानतो.

मुलाने तोंड उघडले, म्हणजे ज्याच्यापाशी उघडले त्याचे पहिल्या पाच मिनिटांतील वर्तन फार महत्त्वाचे असते. मुले बहुधा तक्रारीच्या खिडकीशी येऊन सांगत नाहीत. पोळ्या लाटणाऱ्या बाईंना, केस विंचरणाऱ्या मोठ्या बहिणीला, फळा पुसताना एकट्या सापडलेल्या गुरुजींना सांगतात. तेही अर्धवट, आणि "कोणाला सांगू नका" असे म्हणून. ऐकणाऱ्याने ते वचन देऊ नये. "तुला मदत करू शकतील अशा माणसांनाच सांगेन" एवढेच खरे बोलावे. मध्ये थांबवू नये. "तू तेथे गेलीसच का" हा प्रश्न कधीही विचारू नये. तपशील खणून काढणे हे शिक्षकाचे काम नाही. मूल जे शब्द वापरील तेच शब्द, त्याच्याच बोलीत, दिनांक व वेळ घालून लिहून ठेवावेत. त्यांना शुद्ध मराठीचा पोशाख चढवू नये. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला बोलावून समोरासमोर विचारणे ही तर मोठीच चूक होय. त्याने मूल घाबरून शब्द फिरविते, आणि मग "मुलगी खोटे बोलत होती" असा शेरा कायमचा राहतो.

यापुढे जे करावयाचे त्यात मुख्याध्यापकाला निवड नाही. पोक्सोच्या १९ व्या कलमाप्रमाणे असा गुन्हा घडल्याचे ज्याला कळले, किंवा घडण्याचा संभव वाटला, त्या प्रत्येकाने पोलिसांना कळविले पाहिजे. कळविण्यापूर्वी गुन्हा सिद्ध करून दाखविण्याची अट नाही. सद्भावनेने माहिती देणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. उलट न कळविणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद वा दंड, आणि आपल्या हाताखालील माणसाचे कृत्य न कळविणाऱ्या संस्थाप्रमुखास एक वर्षापर्यंत कैद व दंड होऊ शकतो. "आधी आपण चौकशी करू, खात्री पटली तर पाहू" हे म्हणणे समंजसपणाचे वाटते खरे. पण तेवढ्या दिवसांत मूल त्याच छपराखाली, कदाचित त्याच माणसाच्या पाळीत राहते. खात्यामार्फत चौकशी अवश्य व्हावी, परंतु ती पोलिसांना कळविण्याच्या जागी नव्हे.

चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा येथील एका वसतिगृहातील आदिवासी मुलींच्या संबंधात २०१९ मध्ये गुन्हा नोंदला गेला. त्या मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी कळूनही माहिती दिली नाही, असा एक आरोप त्यात होता. उच्च न्यायालयाने तो रद्द केला होता. सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २०२२ रोजी तो निर्णय फिरविला, आणि अत्याचार ठाऊक असूनही न कळविणे हा गंभीर गुन्हा असल्याचे स्पष्ट केले. त्या डॉक्टरांच्या दोषादोषाचा प्रश्न वेगळा. शिक्षकांनी यातून घ्यावयाची गोष्ट अशी की, वसतिगृहातील मुली प्रथम दवाखान्यात रुग्ण म्हणूनच पोहोचतात.

शाळेची अब्रू जाईल, गावात नाव होईल, अनुदान अडेल, ही भीती या प्रसंगी सर्वांनाच वाटते आणि ती उघड बोलली जात नाही. पालकांनाही ती वाटते. मुलीच्या लग्नाची काळजी त्यांना असते. म्हणून पंचांसमक्ष काही रक्कम ठरवून प्रकरण मिटविण्याचे प्रयत्न होतात. अशा बैठकीस शाळेच्या कोणत्याही माणसाने जाऊ नये. पालकांची भीती कमी करावयाची असेल तर कायद्यातील पुढील गोष्टी त्यांना नीट समजावून सांगाव्यात. मुलाचे नाव, गाव, शाळा, छायाचित्र प्रसिद्ध करण्यास मनाई आहे. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी, शक्यतो महिला पोलीस अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यावयाचा असतो. मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. मुलीची वैद्यकीय तपासणी स्त्री-डॉक्टरच करतात, आणि पालक किंवा तिच्या विश्वासाचे माणूस जवळ राहू शकते. ज्या पालकांना हे माहीत असते, ते सहसा मागे फिरत नाहीत.

२०२४ च्या ऑगस्टात बदलापूर येथील घटनेनंतर राज्य शासनाने सी.सी.टी.व्ही. कॅमेरे, कर्मचाऱ्यांची पोलिसांकडून चारित्र्यपडताळणी, तक्रारपेटी आणि सखी सावित्री समिती यांविषयी शाळांना पुन्हा बजावले. ही साधने उपयोगी आहेत; तथापि निवासी शाळेत त्यांची मर्यादा ओळखावी. कॅमेरा फाटकावर असतो आणि अंधार शौचालयाच्या वाटेवर असतो. शौचालयापर्यंत दिवा असणे, दाराला आतून कडी असणे, मुलींच्या निजण्याच्या खोल्यांची किल्ली अधीक्षिकेखेरीज कोणाकडे नसणे, आणि कोणत्याही कर्मचाऱ्याने कोणत्याही मुलाला आपल्या राहत्या खोलीत एकटे न बोलाविणे, ह्या चार गोष्टींना यंत्र लागत नाही. तक्रारपेटीचेही तसेच. ती कार्यालयाच्या दाराशी टांगली तर चिठ्ठी टाकणारा सर्वांना दिसतो. आणि तिची किल्ली ज्याच्याविरुद्ध तक्रार असावयाची त्याच्याच खिशात असली तर ती पेटी नसल्यासारखीच होय. ती सर्वांची सहज ये-जा असते अशा ठिकाणी असावी आणि शाळेबाहेरील सदस्याच्या समक्ष उघडावी. पहिली-दुसरीची मुले चिठ्ठी लिहू शकत नाहीत हेही विसरू नये.

त्यांच्यासाठी १०९८ हा क्रमांक आहे. मुलांसाठीची ही दूरध्वनी सेवा १९९६ मध्ये मुंबईत सुरू झाली, आणि आता ती देशभर शासनामार्फत चालते. क्रमांक भिंतीवर रंगविलेला असतो, पण मुलाला फोन कोठे मिळणार याची व्यवस्था क्वचितच असते. घरी फोन करण्याचा वार ठरलेला असावा आणि बोलताना कर्मचारी शेजारी उभा नसावा.

भाषेचा प्रश्न तर मुळाशीच आहे. वारली, भिली, गोंडी, कोरकू अशी घरची बोली घेऊन आलेल्या सहा वर्षांच्या मुलाला कोठे दुखते हे मराठीत सांगता येत नाही, मग कोणी कोठे हात लावला हे कसे सांगता येईल? म्हणून पहिल्या महिन्यात शरीराच्या सर्व अवयवांची नावे, लाज न बाळगता, मराठीत आणि मुलांच्या बोलीत शिकवावीत. मुले आपल्या बोलीतील शब्द सांगतील आणि शिक्षकांनी ते शिकून घ्यावेत. हा पाठ आरोग्याचाही आहे आणि संरक्षणाचाही. त्याच बोलीची एखादी स्त्री स्वयंपाकघरात काम करीत असेल, तर मुले तिच्याशीच सर्वाधिक बोलतात. तिने सांगितलेले ऐकावे.

परंतु त्या स्त्रीचेही कोणी ऐकले पाहिजे. कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळास प्रतिबंध करणारा २०१३ चा अधिनियम रोजंदारीवरील व कंत्राटी स्त्रियांनाही लागू आहे. दहा वा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असलीच पाहिजे; त्याहून कमी असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार नेता येते. जी आपल्यावरील अन्यायाविषयी बोलू शकत नाही, ती मुलीवरील अन्यायाविषयी बोलण्यास धजेल अशी अपेक्षा करणे व्यर्थ आहे.

जिल्हा परिषदेच्या साध्या प्राथमिक शाळेतील शिक्षकास वाटेल की आपल्या शाळेत कोणी राहत नाही, तेव्हा ह्या विषयाशी आपला संबंध काय? संबंध दिवाळीत येतो. गावातून निवासी शाळेत गेलेली मुले सुटीत पाड्यावर परततात, जुन्या शाळेच्या ओट्यावर खेळावयास येतात, आणि सुटी संपण्याच्या सुमारास त्यांतील एखादे "मला परत नाही जायचे" म्हणते. घरचे रागावतात, बापाने प्रवेशासाठी चार खेपा घातलेल्या असतात. अशा वेळी जुन्या गुरुजींनी त्या मुलाला बाजूला बसवून तेथे काय नको आहे ते सावकाश विचारावे: जेवण, थंडी, अभ्यास, की कोणी माणूस. उत्तर पहिल्याच दिवशी मिळेल असे नाही.

निवासी शाळेनेही सुटीनंतर जे मूल आले नाही त्याच्या नावापुढे केवळ गैरहजेरीची खूण करून थांबू नये. आठवडाभरात त्याच्या घरी कोणीतरी जावे. जाणारा मनुष्य त्या मुलाच्या वसतिगृहातील पाळीवरचा नसावा, आणि त्याने मुलाशी आईवडिलांच्या देखत व थोडा वेळ निराळे, असे दोन्ही प्रकारे बोलावे. मूल काय बोलले ते परत आल्यावर त्याच दिवशी लिहावे. आणि मूल काहीच बोलले नसेल तर तेही लिहावे, व पंधरा दिवसांनी पुन्हा जावे.